उमजपट्टा कुणाच्या डोक्याला?

माझ्या नवऱ्याला सगळं समजतं. मी असं लग्नापासून एकदाही म्हटलेलं नाही, पण इस्पितळाच्या मशीननं म्हटलं, आणि तेही तीनदा. तिन्ही वेळा ह्यांच्या कपाळावर हिरवा दिवा लागला, तिन्ही वेळा हे ऐटीत घरी आले आणि तिन्ही वेळा पाय सुजवून, धापा टाकत त्याच वॉर्डात परत गेले.

मी सुवर्णा चौगुले, जयसिंगपूरची. माझा पापडांचा उद्योग आहे, हाताखाली दहा-बारा बायका आहेत, आणि आमचा उडदाचा पापड पुण्यापर्यंत जातो. आमचे हे, विलासराव, वीज मंडळात होते. जन्म खांबावर गेला, त्यामुळे जगातलं सगळं ह्यांना तारांसारखं सरळ दिसतं. निवृत्त झाले आणि हृदयानं दगा दिला. एक झटका आला, त्यात हृदयाचा एक कोपरा मेला आणि उरलेलं हृदय दमून गेलं.

आता तो उमजपट्टा काय असतो ते सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यापायी घडलं. पूर्वी कसं, डॉक्टर भराभरा सांगायचे, पेशंट माना डोलवायचा, 'हो हो, समजलं' म्हणायचा आणि घरी येऊन बायकोला विचारायचा, 'काय म्हणाले गं ते?' मोठ्या माणसासमोर 'नाही समजलं' म्हणायची आपल्याला लाजच वाटते. म्हणून हा पट्टा निघाला. कपाळाला बांधायचा. त्यातून डोळ्यांना न दिसणारा तांबडा उजेड कवटीतून आत जातो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडं ताजं रक्त धावतं, आणि त्या रक्तावरून उजेड परत फिरतो तो वेगळा फिरतो. नुसतं कानावर पडलं तर एक तऱ्हा आणि ऐकलेलं जुन्या माहितीला जाऊन चिकटलं तर दुसरी तऱ्हा. हजारो माणसांची डोकी तपासून संगणकाला हा फरक शिकवलाय. समजलं नाही तर तांबडा दिवा, अर्धवट समजलं तर पिवळा, पुरतं समजलं तर हिरवा. हिरवा लागल्याशिवाय पेशंटला घरी सोडायचं नाही, असा नियमच झाला. गोष्ट चांगलीच होती, त्यात वाद नाही. खोट्या माना डोलवणं बंद झालं.

पण माणसाच्या हातात माप आलं की तो त्याचं काय करील सांगता येत नाही. समज मोजता यायला लागली, तसा दोषही मोजता यायला लागला. ज्याला समजलं नव्हतं तो बिचारा. पण ज्याच्या कपाळावर हिरवा लागला आणि तरीही जो बिघडून परत आला, त्याच्या नावापुढं संगणक शिक्का मारायला लागला, 'समज असून हयगय'.

तिसऱ्या खेपेला तोच शिक्का ह्यांच्या नावापुढं बसला. डॉक्टर पेंढारकर माणूस सज्जन. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "काकू, वाईट वाटतंय सांगायला. काकांचं नाव ठिगळाच्या यादीतून खाली गेलं."

ठिगळ म्हणजे हृदयाचं ठिगळ. माणसाच्याच रक्तातल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्यांचं हृदयाचं मांस वाढवतात आणि मेलेल्या कोपऱ्यावर शिवतात. ते आपलं आपण धडधडतं. पण एकेक वाढवायला महिनोन्महिने लागतात आणि वाढवायच्या पेट्या सगळ्या राज्यात मिळून थोड्या. त्यामुळे जो नीट सांभाळणार नाही त्याला ते मिळायचं नाही.

"खाली म्हणजे किती खाली?" मी विचारलं.

"ह्या वर्षात काही नंबर लागायचा नाही," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यावरून मला कळलं. ठिगळ मिळालं नाही तर हे पुढचा उन्हाळा बघणार नाहीत.

मी वॉर्डात गेले. हे उशीला टेकून बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि तरी रुबाब तोच. "मला सगळं समजतं गं," म्हणाले, "दिवसाला दोन ग्रॅम मीठ, दीड लिटर पाणी, रोज सकाळी वजन. मी ताटातलं मीठसुद्धा बंद केलंय. मशीनमध्येच गडबड असणार."

माझं पित्त खवळलं, पण आजारी माणसाला काय बोलायचं? डबा पिशवीत कोंबला आणि बाहेर बाकड्यावर येऊन बसले. रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

तिथं सलोमी सिस्टर आली. सलोमी आवळे. वय तिशीच्या आसपास, आवाज असा की वॉर्डाच्या ह्या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. पेशंटना शिकवायचं काम तिच्याकडं होतं. शिकवायचं म्हणजे काय, तर पट्टा बांधायचा, पडद्यावर फिल्म लावायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. ती माझ्या शेजारी बसली आणि पिशवीकडं बोट दाखवून म्हणाली, "काकू, डब्यात काय होतं?"

"वरण-भात, दोडक्याची भाजी, भाकरी. सगळं अळणी."

"आणि?"

"आणि काय? एक पापड. तोंडाला चव नको का माणसाच्या?"

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! तीनदा मी काकांच्या डोक्याला पट्टा बांधला. काकांनी आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं पाणी तरी घेतलंय का?"

"त्यांना पेला कुठं असतो हे माहीत नाही."

"मग मी चुकीच्या डोक्याला बांधला की!" ती म्हणाली. "काकू, खरं सांगा, घरात मीठ कुठं कुठं असतं?"

आता ह्या प्रश्नात झोंबण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवशी मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. म्हणजे मी नवऱ्याला मीठ घालून मारतेय? एवढी वर्षं ज्या हातानं वाढलं त्याच हातानं? मी ताडकन उठले. "सिस्टर, तुम्हाला माझ्या स्वयंपाकघरावर संशय असेल तर उद्या सगळं स्वयंपाकघरच आणून दाखवते!"

"आणा," ती शांतपणे म्हणाली. "वाट बघते."

दुसऱ्या दिवशी मी खरंच पोतं भरून नेलं. राग माझा असा आहे, एकदा बोलले की करते. रिक्षावाला म्हणाला, "काकू, दुकान हलवताय का?" वॉर्डाच्या टेबलावर मी एकेक डबा आपटत मांडला. मीठ, सैंधव, खाण्याचा सोडा, पापडखार, कैरीचं लोणचं, लिंबाचं लोणचं, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, फरसाण, बिस्किटं, खारे शेंगदाणे. शेजारच्या खाटांवरचे पेशंट आणि त्यांच्या बायका मान वर करून बघायला लागल्या. आमचे हे उशीवरून म्हणाले, "हे काय प्रदर्शन मांडलंय?"

"तुम्ही गप्प बसा," मी आणि सिस्टर एकदमच म्हणालो.

मग तिनं पट्टा उचलला आणि माझ्या कपाळाला बांधला. नियमात बसत नव्हतं ते, पट्टा पेशंटचाच. पण तिनं बांधला. "काकू, ह्यातलं मीठ कशाकशात आहे ते वेगळं काढा."

मी मिठाचा डबा बाजूला केला आणि लोणच्याच्या बरण्या. "तांबडा," सिस्टर माझ्या कपाळाकडं बघून म्हणाली.

"सैंधव?"

"सैंधव कुठं मीठ आहे? ते उपासाला चालतं. औषधी असतं. म्हणून तर वरणात मी तेच घालायला लागले."

तिनं हसायला पाहिजे होतं, पण ती हसली नाही. "पापडखार? सोडा?"

"ते खार. त्यानं पापड फुलतो."

तांबडा दिवा काही हलेना. सिस्टरनं फिल्म लावली नाही, चित्र दाखवलं नाही. खुर्ची ओढून माझ्या समोर बसली आणि लोणच्याची बरणी हातात घेऊन म्हणाली, "मला स्वयंपाक येत नाही काकू, माझी आई अजून डोक्याला हात लावते. लोणचं कसं घालतात सांगा."

"कैरी फोडायची, मीठ-हळद लावून ठेवायची. पाणी सुटतं, ते काढून घ्यायचं."

"पाणी कुठून आलं? तुम्ही तर घातलं नव्हतं."

"मिठानं ओढलं की कैरीतनं."

"मीठ जिथं, पाणी तिथं. बरोबर? आता काकांच्या अंगात मीठ गेलं तर?"

ह्यांचे पाय माझ्या डोळ्यांपुढं आले. बोट दाबलं की खड्डा पडायचा.

"अंगातलं मीठ पाणी धरून ठेवतं," ती सांगत होती. "धडधाकट हृदय रक्त जोरात ढकलतं, मूत्रपिंडं जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. काकांचं हृदय दमलंय. मूत्रपिंडांकडं पुरेसं रक्त जात नाही. मग मीठ आतच, पाणीही आतच. आधी पायात उतरतं, मग फुप्फुसात साचतं. आडवं झालं की दम लागतो तो त्यामुळं. आणि ह्या शरीराला सैंधव आणि साधं मीठ सारखंच दिसतं. सोडा आणि पापडखार तोंडाला खारट लागत नाहीत, पण पाणी धरणारी गोष्ट, सोडियम म्हणतात तिला, ती त्यांच्यातही आहे."

मी हात पुढं केला. सैंधवाचा डबा उचलून मिठाशेजारी ठेवला. मग सोडा. मग पापडखार. मग कुरडया, चटणी, खारे शेंगदाणे, फरसाण. बिस्किटांपाशी थांबले, वास घेतला आणि तीही सरकवली. शेवटी माझे पापड. माझ्याच शिक्क्याचे, माझ्याच हातचे.

समोरच्या खाटेवरची बाई ओरडली, "हिरवा झाला बघा!"

मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. "म्हणजे मीच..." एवढंच बोलवलं.

"रडायचं असेल तर रडा," सिस्टर म्हणाली आणि माझे दोन्ही हात धरले. "पण एक सांगते. तुम्ही वरचं मीठ कमी केलं होतं, म्हणजे तुम्ही मनापासून करत होता. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. मी पण नाही. आता डोळे पुसा आणि मला सांगा, पापडाशिवाय ह्या माणसाला जेवण कसं जाईल?"

ह्या प्रश्नानं मला जाग आली. जवस, तीळ, लसूण, कोकम, लिंबू, ओली हळद, मी सांगत सुटले. मध्येच मी म्हणाले, दुकानात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणते, तर तिनं हातच झटकला. "ते तर मुळीच नको. काकांच्या गोळ्यांबरोबर ते ठोके बिघडवतं. काहीही नवीन आणायच्या आधी मला फोन करायचा." आजूबाजूच्या चार बायका कान देऊन ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "सिस्टर, मला पण पट्टा लावाल का? आमच्याकडं पण मीच रांधते."

दोन दिवसांनी पेंढारकर डॉक्टरांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. सिस्टरनं सगळं त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सलोमीचं बरोबर आहे. आम्ही तपासलं ते खाणाऱ्याचं डोकं, रांधणाऱ्याचं नाही. काकांना तीन महिने मुदत देऊ. वजन स्थिर राहिलं, सूज आली नाही, तर नाव पुन्हा वर. रोज सकाळचं वजन फोनवरून इथं यायला हवं." मग ते जरा अडखळले. "फक्त संगणकाला जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं. काकू, तुमचं घालतो. हिरवा तुमच्या कपाळावर लागलाय."

"आणि पुन्हा सूज आली तर?" सिस्टरनं विचारलं.

"तर 'समज असून हयगय' काकूंच्या नावावर जाईल."

मी म्हणाले, "घाला माझं नाव. माझा नवरा आहे."

"नाही," सलोमी सिस्टर म्हणाली. मोठ्या आवाजाची बाई, पण हे अगदी हळू बोलली. "सर, हा पट्टा आपण शिकवण्यासाठी आणला होता, दोष कुणाच्या गळ्यात घालायचा ते ठरवायला नव्हता आणला. पेशंटच्या गळ्यातनं काढला आणि बायकोच्या गळ्यात घातला, ह्यात काय मिळवलं? उद्या बायका पट्टा लावायलाच घाबरतील. माझं नाव घाला."

"सलोमी, तुझं रेकॉर्ड खराब होईल. शिकवण्याच्या कामावरून काढतील तुला."

"पेशंटला समजलं आणि तरी जमलं नाही, तर माझं शिकवणं कुठंतरी कमी पडलं. मग काढायलाच पाहिजे. घाला."

शेवटी डॉक्टरांनी तिचं नाव घातलं. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे संगणकावर लागलेलं ते नाव डोळे बारीक करून वाचत होते.

घरी आल्यावर ह्यांचं तोंडच गप्प झालं. अळणी वरणाला नावं नाहीत, पाण्याचा हिशेब विचारला की चिडणं नाही. पण हे रोजचं झालं. माणसाची खरी परीक्षा परक्या पंगतीत होते.

माझ्या धाकट्या दिराच्या, सुभाषच्या मुलाचा साखरपुडा होता, हातकणंगल्याला. पंगतीत पापड आमचाच, दुसऱ्याचा कसा असेल? मी समोरच्या ओळीत बसले होते आणि माझा सगळा जीव ह्यांच्या ताटात होता. सुभाष पापडांची परात घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, वहिनीच्या हातचा आहे. आज शुभ दिवस, एका पापडानं काय होतंय?"

ह्यांचा हात उचलला गेला. मी बघितलं. मला ओरडायचं होतं, पण एवढ्या पाहुण्यांत कसं ओरडू? तो हात ताटावर आडवा आला आणि ह्यांचा खांबावरचा आवाज बाहेर पडला, "एका पापडानं आमच्या सिस्टरची नोकरी जाईल! घेऊन जा तो!"

सगळी पंगत थांबली. सुभाष परात घेऊन मागं सरला. मग ह्यांनी बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलं, मीठ जिथं, पाणी तिथं. सैंधव म्हणजे मीठच, खार म्हणजे मीठच. कैरीचंसुद्धा सांगितलं, जशी काही लोणची हेच घालत होते.

जेवणं झाल्यावर बायकांनी मला गराडा घातला. सुभाषची सासू म्हणाली, "काय गं सुवर्णा, पापडात खरंच एवढं असतं? मला ब्लडप्रेशर आहे. दिवसाला तुझे दोन-दोन खाते मी."

आता पापड विकणाऱ्या बाईनं ह्यावर काय म्हणावं? एक क्षण वाटलं, 'थोडंसंच असतं' म्हणून टाकावं, खोटं कशाला सांगू. मग मी म्हणाले, "हो मावशी, असतं. ज्याला ब्लडप्रेशर, ज्याला सूज, त्यानं माझा पापड खाऊ नये." पापड नको तर काय खायचं ते मी तिला सांगत बसले, आणि गाडी दारात आली तरी बायका मला सोडेनात.

परत येताना गाडीत मी ह्यांना म्हणाले, "मी एवढी वर्षं 'जपून खा' म्हणून घसा फोडला तेव्हा कधी ताटावर हात आडवा नाही आला."

"तू ओरडायचीस," हे म्हणाले. "त्या पोरीनं स्वतःचं नाव लावलं."

मला राग आला आणि भरूनही आलं. खरं होतं ते, म्हणून जास्त राग आला.

तीन महिने सूज आली नाही. नाव वर गेलं, पेटीत ह्यांचं ठिगळ वाढायला लागलं, आणि मार्गशीर्षात ते शिवलं. आता हे सकाळी चालायला जातात आणि येताना भाजी आणतात. भाजी चुकीची आणतात, पण आणतात. इस्पितळात आता पट्टा पेशंटबरोबर घरात रांधणाऱ्यालाही लावतात, आणि जबाबदार व्यक्तीच्या जागी शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव असतं. ही सुधारणा डॉक्टर पेंढारकरांनी लढून करून घेतली, त्यांचंही श्रेय त्यांना द्यायला हवं.

ठिगळ शिवून ह्यांना घरी सोडलं त्या दिवशी सलोमी सिस्टर फाटकापर्यंत आली होती. मी तिला म्हणाले, "पोरी, तेव्हा किती सहज म्हणालीस गं, माझं नाव घाला. तुला भीती नाही वाटली?"

ती मोठ्यानं हसली आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "वाटली ना काकू. रोज सकाळी काकांच्या वजनाचा आकडा फोनवर येईपर्यंत मला चहा जायचा नाही घशाखाली."

मी तिचा हात धरून तिथंच उभी राहिले. मला वाटायचं, रोज सकाळी त्या वजनाच्या काट्याकडं जीव मुठीत धरून बघणारी मी एकटीच आहे.